बरणीची मागची बाजू

"अर्धंच काढा, काका. उरलेलं उलटवून गिरवून घेऊ," मॅडम म्हणाल्या.

खोल समुद्रातून सकाळीच वर आलेला तो लिबलिबीत जीव थंड बरणीत तरंगत होता. पाण्याहून जेमतेम निराळा. कॅमेऱ्याला त्याची कड सापडेना, आणि टिकवायच्या औषधात टाकला की विरघळून जाई. असे दोन आधीच हातचे गेले होते. हाही तास-दोन तासांचा सोबती. मग ही जात नवी निघालीच, तर जगाला दाखवायला उरणार ते फक्त काकांचं चित्र.

गोल जिवाची एक बाजू काढायची, ट्रेसिंगचा कागद उलटा घालून दुसरी गिरवायची, ही प्रयोगशाळेतली रीतच. काकांनी इथल्या चित्रकाराच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत ती कधी मानली नव्हती. ते उठले, टेबलाला वळसा घालून मागे गेले आणि भिंग घेऊन बसले. काकांचा मोतीबिंदू मागच्याच महिन्यात काढलेला. डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतोच, असं मॅडमनी आडून सुचवूनही पाहिलं. काकांनी मान वर केली नाही.

"इकडे या जरा," शेवटी ते म्हणाले. "पुढच्या कडेला सोळा तंतू आहेत. मागे एकही नाही."

"जाळ्यात तुटले असतील हो."

"तुटला तर मुळाशी गाठ राहते, बाई. इथे गाठच नाही. घडवणाऱ्याने इथे हात आवरता घेतलाय."

मॅडम वाकल्या, त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या. पुस्तकातल्या त्याच्या साऱ्या भाऊबंदांना कडेभर तंतू होते. अर्धं उलटवून गिरवलं असतं, तर हाही त्यांच्यातलाच एक होऊन बसला असता. त्यांनी दिवा उचलून काकांच्या बाजूला धरला, तो चित्र पुरं होईपर्यंत खाली ठेवला नाही.

दुपारी बरणीत नुसतं पाणी उरलं. मॅडमनी नोंदवही ओढली. 'मूळ नमुना' या रकान्यात एरवी बरणीचा क्रमांक पडतो; तिथे त्यांनी काकांच्या कागदाचा लिहायला घेतला.

"अक्षर जरा ठसठशीत काढा," काका मागून म्हणाले. "उद्या कुणाला असा दुसरा सापडला, तर जुळवून बघायला त्याला इथंच यावं लागेल."