मांडी

कागद टाइप होऊनच आला होता. 'डावा गुडघा व्यावसायिक फुटबॉलसाठी कायमचा अयोग्य.' खाली शिक्क्यासाठी चौकोन आणि त्याखाली नाव: सरोजिनी पाटणकर, फिजिओथेरपिस्ट. नावात एकही चूक नव्हती. क्लबने तिची एवढी काळजी पहिल्यांदाच घेतली होती.

"पाचच्या आत पाहिजे, मॅडम," रियाज म्हणाला. तो क्लबचा मंदूब, म्हणजे कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, मूळचा श्रीवर्धनचा. "खेळाडूंची नोंदणी आज बंद होते. परदेशी लोकांच्या जागा भरल्यात. हा गेल्याशिवाय नवा ब्राझीलवाला आत येत नाही. आणि हा फिट असला तर याचा करार मोडता येत नाही."

'हा' समोरच होता. वाउटर, चौतीस वर्षांचा डच मिडफिल्डर. कुवेतमधल्या फिंतासच्या या क्लिनिकमध्ये निळ्या गादीवर डाव्या पायावर उभा राहून तो भिंतीवर चेंडू मारत होता आणि झेलत होता. डाव्या गुडघ्यावरच्या उपचारांच्या सात महिन्यांत सरोजिनीकडून तो मराठीतले तीनच शब्द शिकला होता: हळू, परत आणि मांडी. पण आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळायला भाषा लागत नाही.

"काय लिहिलंय त्यात?" त्याने इंग्रजीत विचारलं.

सरोजिनीला गोड बोलणं कधी जमलं नव्हतं. "तू संपलास, असं लिहिलंय."

चेंडू त्याच्या हातातच राहिला. तो कानापर्यंत लाल झाला. "सोळा वर्षं मैदानाच्या मधोमध खेळलोय," तो म्हणाला. "संपलो असेन तर तिथे संपेन. टायपिस्टच्या टेबलावर नाही."

रियाजने त्याच्याकडे बघणं टाळलं. "ओ मॅडम, माझं ऐका. कशाला अंगावर घेताय? तुमचे निम्मे पेशंट आमच्या क्लबचे. ते बंद झाले तर क्लिनिकचा मालक तुम्हाला ठेवील का? नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना गेला की सामान बांधायचं. लेक बारावीला आहे ना तुमची?"

स्पृहाची परीक्षा मार्चमध्ये होती. मंगफच्या फ्लॅटमध्ये ती आत्ता पुस्तकं पसरून बसली असेल. सरोजिनी घाबरली, आणि घाबरली म्हणूनच जास्त चिडली.

तिने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "एका पायावरची उडी. उजवा पाय एक मीटर साठ, डावा एक पंचावन्न. मी स्वतः टेप लावून मोजलंय."

"मापं कोण बघतंय, मॅडम?"

"मग डोळ्यांनी बघ. वाउटर, मांडी."

ही परीक्षा कुठल्याच पुस्तकात नव्हती. ती सरोजिनीची स्वतःची. खाली मांडी घालून बसायचं आणि जमिनीला हात न लावता उठायचं. ते जमल्याशिवाय ती कुणाच्याही गुडघ्याला सुट्टी देत नसे. कुवेती आजीबाई आणि मल्याळी ड्रायव्हर, सगळ्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली होती. वाउटरने तर जन्मात मांडी घातली नव्हती. पहिल्यांदा तो पोत्यासारखा कलंडला होता.

आज तो ठाण मांडून बसला. हाताची घडी छातीशी आवळून धरली. क्षणभर काहीच झालं नाही, मांड्या थरथरल्या, आणि मग ते सव्वासहा फुटी धूड कुठेही हात न टेकता उभं राहिलं.

"उठबस काय, आमच्याकडे म्हातारी पण करते," रियाज म्हणाला.

"मग तू कर."

"मी?"

"श्रीवर्धनचा ना तू? बस की खाली."

रियाजने फाइल खुर्चीवर ठेवली, बूट काढले आणि बसला. बसला मात्र झोकात. वीस वर्षं त्याने गाडीची सीट आणि कचेऱ्यांच्या खुर्च्या झिजवल्या होत्या. उठताना हात आपोआप जमिनीकडे गेला.

"हात नाही," सरोजिनी म्हणाली.

त्याने पुढे झोका घेतला, अर्धा उठला आणि धपकन बुडावर आपटला.

वाउटरच्या हाताची घडी अजून सुटली नव्हती. "परत," तो मराठीत म्हणाला.

सरोजिनी खळखळून हसली. रियाजही हसला, पण त्याचं हसू लवकर ओसरलं. तिने कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"आता सांग, कुणाचा गुडघा अयोग्य लिहू?"

टाइप केलेली ओळ तिने दोनदा खोडली, खाली 'खेळण्यास योग्य' असं लिहिलं, सही केली आणि शिक्का दाबून मारला. शिक्का थोडा तिरका उमटला.

वाउटरने वाकून रियाजला हात दिला आणि एका हिसक्यात उभं केलं. रियाजने बूट घातले, कागद वाचला, फाइलमध्ये ठेवला आणि परत बाहेर काढला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"हे दिलं तर तुमचं काही खरं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. आता तो क्लबचा माणूस राहिला नव्हता. "मी हा कागद फाडून टाकतो. सांगतो, मॅडम सुट्टीवर होत्या, भेटल्याच नाहीत. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"आणि सही दुसऱ्या कुणाची घ्याल."

रियाजने घड्याळाकडे पाहिलं.

सरोजिनीने चेंडू उचलून वाउटरकडे फेकला आणि त्याच्या डाव्या पायाकडे बोट केलं. तो पुन्हा गादीवर चढला.

"कागद तसाच दे, रियाज," ती म्हणाली. "आणि सांग, मॅडम जागेवरच होत्या."