गाळलेला प्रवेश

लताचा फोन आला तेव्हा नीना ड्राइव्हवेमधून गाडी बाहेर काढत होती. शनिवारची सकाळ होती, शेजारी सतरा वर्षांचा अनिश बसला होता, त्याला सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, नाटकाच्या रिहर्सलला सोडायचं होतं. फोन स्पीकरवर लागला.

लता विचारत होती, माझी मुलगी पूर्वी तुमच्याकडे आहे का. काल नाटकवाल्या मुलांची पार्टी झाली, ती मैत्रिणीकडे झोपणार होती. मैत्रीण आत्ता म्हणते, ती आलीच नाही. फोन बंद लागतोय. अनिश तिच्याबरोबर नाटकात आहे, त्याला काही माहीत आहे का?

"नाही काकू," अनिश म्हणाला. "मी लवकर निघालो."

पोलिसांना कळवते, असं म्हणून लता फोन ठेवायचीच विसरली. तिच्या धापा गाडीत ऐकू येत राहिल्या. शेवटी नीनाने कॉल कट केला.

अनिश काल घरी आला तेव्हा त्याची जीन्स गुडघ्यापर्यंत ओली होती. सकाळी तिनेच ती मशीनमध्ये टाकली होती.

तिने इंजिन बंद केलं. "कुठे आहे ती?"

तो समोरच्या काचेतून बघत हळूहळू सांगू लागला. मित्राच्या कयाकमधून, छोट्या होडीतून, ते थेम्स नदीतल्या एका बेटावर गेले होते. कयाकमध्ये दोघंच मावायचे, म्हणून त्यानेच फेऱ्या केल्या. पूर्वीला दारू जास्त झाली. बाकीचे आधी परतले, शेवटच्या फेरीला तो आणि ती राहिले. तिला धड बसताही येत नव्हतं, कयाक उलटला असता.

"ती झोपली होती, आई. गाढ. मला वाटलं, सकाळी कोणीतरी जाईल आणायला."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

नीनाने ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावला, पूर्वी बेटावर अडकलीय एवढंच सांगितलं आणि गाडी नदीकडे वळवली. दोनदा गिअर चुकला. गेला महिनाभर ती रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता अनिशची वाक्यं पाठ करून घेत होती. तो ग्रीक कथेतला थिसियस, चक्रव्यूहात शिरून राक्षसाला मारणारा वीर. ती अरिआड्नीची वाक्यं वाचायची. बापाच्या मनाविरुद्ध थिसियसच्या हातात बाहेरची वाट दाखवणारा दोरा देणारी राजकन्या. नाटक संपतं तेव्हा दोघं जहाजात चढतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. पुढे काय होतं, असं नीनाने एकदा विचारलं होतं. पुढे तो तिला एका बेटावर झोपेत सोडून निघून जातो, असं अनिशने सांगितलं होतं. मग म्हणाला होता, पण तो प्रवेश टीचरनी गाळलाय. शेवट चांगला वाटत नाही.

तेव्हा तिलाही ते पटलं होतं.

सिग्नलला लताचा फोन पुन्हा वाजला. नीनाने उचलला नाही.

"लताकाकूंना सांग ना, ती एकटीच गेली होती," अनिश म्हणाला. "प्लीज आई. बुधवारी शो आहे. युनिव्हर्सिटी ॲडमिशनचं पण आहे."

'बरं' हा शब्द नीनाच्या तोंडापर्यंत आला होता, हे तिचं तिलाच कळलं आणि तिने गाडी पुढे काढली.

काठावर पोचले तेव्हा पाणी करडं आणि वेगात होतं. मधल्या बेटावर नुसती दाट झाडी दिसत होती. नीनाने हाका मारल्या. पलीकडून काही आलं नाही. ती शुद्धीवर येऊन पोहत निघाली असेल तर? लताच्या मुलीला पोहता येतं का, हे तिला माहीत नव्हतं. तिने अनिशला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

रोइंग क्लबची मोटरबोट वल्हवायला शिकणाऱ्या मुलांच्या होड्यांमागून येत होती. नीना पाण्याच्या अगदी कडेला जाऊन दोन्ही हात हलवत ओरडली. त्यांच्या कोच म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. नीनाचं अर्धवट इंग्रजी ऐकून त्यांनी काही न विचारता बोट काठाला लावली. अनिश जागचा हलला नाही. "चढ," नीना म्हणाली. तो चढला.

पूर्वी बेटाच्या मागच्या बाजूला सापडली, एका आडव्या झाडाला धरून बसलेली. कमरेपर्यंत भिजली होती. ओठ निळे पडले होते, एक घोटा सुजून बूट तट्ट झाला होता. नीनाने आपला कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला आणि तिचे हात चोळायला लागली. कोचबाई रेडिओवर ॲम्ब्युलन्सशी बोलत होत्या.

"आता काही नाही हं, बाळा. झोप लागली होती ना तुला?"

पूर्वीचे दात वाजत होते. तिने नीनाकडे पाहिलं, मग बोटीत उभ्या अनिशकडे.

"मी झोपली नव्हती, काकू," ती तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली. "माझा पाय मोडला. मी त्याला हाक मारला. तो मागे वळून बघितला पण."

अनिश म्हणाला, "अंधार होता."

पूर्वीला उचलून बोटीत बसवलं, ती नीनाला घट्ट चिकटून बसली. कोचबाईंनी इंजिन सुरू केलं नाही. रेडिओ खाली ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, हिला इथे कोणी सोडलं?

अनिशने आईकडे पाहिलं.

नीना खाली वाकून पूर्वीच्या बुटाची ओली नाडी सोडवत होती. गाठ सुटत नव्हती. तिने मान वर केली नाही.