पहिली कळी

नंदाबाईने कळी सोलताना अंगठ्याचं नख मुद्दाम आत रुतवलं.

घनसावंगीजवळच्या या बियाण्याच्या प्लॉटवर हंगामातली ही पाहुण्यांची चौथी तुकडी. या वेळी टांझानियाहून. सकाळपासून फेटे झाले, भाषणं झाली, दोन देशांच्या मैत्रीचे फोटो झाले. उभं राहून राहून नंदाबाईची कंबर धरली होती.

सव्वीस वर्षं ती कपाशीच्या कळ्या सोलत होती. संकरित बी करायचं तर कळीतला नराचा भाग तेवढा काढायचा. आतल्या कोवळ्या बोंडाला नख लागलं, की चार दिवसांत ते गळतं. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

पण सकाळीच तिची सून राजनंदिनी म्हणाली होती, "कंपनीचे सायेब बोलून राह्यले व्हते, आत्याबाई. पुढच्या सालापासून हे बियाणं तिकडं, या पाहुण्यांच्याच देशात करणार हायेत. शिकवा तुम्ही नीट. मंग आपण घरी बसून त्यांचे फोटो बघू."

गावातल्या चाळीस बायांना दुसरं काम नव्हतं.

रेहेमा नावाच्या पाहुणीने ती कळी हातात घेतली. वयाने ती नंदाबाईएवढीच असेल. तिने कळी उन्हाकडे धरून पाहिली. कंपनीच्या ऑफिसातली प्रियदर्शनी तिचं इंग्रजी मराठीत सांगायला उभी होती, पण रेहेमा सरळ कपाशीच्या ओळीत शिरली. दोन कळ्या सोडून तिने नेमकी उद्या उमलणारी निवडली. अंगठा एकदाच फिरवला. पाकळ्या आणि पिवळे केसर एका कड्यात निघून आले. आतलं हिरवं बोंड जसंच्या तसं.

ते नंदाबाईपुढे धरून तिने विचारलं, "बराबरा?"

नंदाबाई दचकली. "हिला मराठी येतंय का गं?"

प्रियदर्शनीने विचारून घेतलं. "नाही मावशी. त्यांच्या भाषेतही आहे हा शब्द. अर्थ तोच."

नंदाबाईने मान खाली घातली. म्हणाली, "बराबर."

रेहेमा बांधावर टेकली. स्वतःची कंबर दाबत तिने शेजारी जागा केली आणि हळू आवाजात काही सांगितलं. प्रियदर्शनी गोंधळली.

"मावशी, मला नाही समजलं. त्या म्हणतात, 'मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडे पाहुणे आले की आम्हीपण पहिली कळी अशीच दाखवतो.'"