नेमबाजीत निपुण

पोपटशेठनी पिस्तूल हातात घेतलं आणि नळीला डोळा लावून आत काय आहे ते पाहिलं. फायरिंग रेंजवरचे दोन्ही हवालदार झटकन खाली बसले.

"हे तुमचे विद्यार्थी?" इन्स्पेक्टर ढोलेमॅडमनी निवृत्त सुभेदार खरमाट्यांना विचारलं. शस्त्रपरवान्यासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर खरमाट्यांनीच 'नेमबाजीत निपुण' असा शेरा मारून सही ठोकली होती. शेठ मात्र एकदाही मैदानाकडे फिरकले नव्हते.

"मोठी माणसं, मॅडम. त्यांना कुठला वेळ?" खरमाटे ओशाळून हसले. "पिस्तूल नुसतं कमरेला लावून मिरवणार. त्यात कुणाचं काय बिघडतं? एवढ्यासाठी माझ्यावर गुन्हा कशाला दाखल करता?"

"बरं, नाही करत," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "तुमचा तुमच्या शिकवण्यावर भरवसा आहे ना? मग त्या लक्ष्याच्या फळीशेजारी उभे राहा. शेठ नेम धरतील."

खरमाट्यांनी फळीकडे पाहिलं, मग शेठकडे. फौजेत त्यांनी शेकडो पोरांना बंदूक धरायला शिकवलं होतं आणि प्रत्येकाच्या शेजारी ते बिनधास्त उभे राहिले होते. इकडे शेठनी उत्साहाने दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि विचारलं, "सुभेदार, दाबायचं कुठलं?"

खरमाट्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुढे होऊन शेठच्या हातातून पिस्तूल अलगद काढून घेतलं, मॅडमसमोर ठेवलं आणि ते सावधानमध्ये ताठ उभे राहिले.

"गुन्हा दाखल करा, मॅडम," ते म्हणाले. "आणि कलम जरा कडक लावा."