खरी नक्कल

कोर्टातल्या नक्कल विभागाचा कारकून कागदांवर धडाधड ‘खरी नक्कल’ असे शिक्के मारत होता. मान वर न करता तो म्हणाला, "मावशी, तुमच्या निकालाचा कागद वाळवीने खाल्ला. मूळच नाही, तर नक्कल कशाची देऊ?"

त्या निकालात विहीर गोदाक्काची ठरली होती, आणि आता दिराने तिथल्या पंपाला पुन्हा कुलूप ठोकलं होतं. "कागद आणा वहिनी, किल्ली घ्या," म्हणत तो मागच्या बाकावर आरामात पाय हलवत बसला होता.

गोदाक्काचं डोकं फिरलं. "मग नक्कल मीच करते!" तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, तेव्हाच्या जज्जसाहेबांसारखी घोगरं खाकरली आणि खिडकीच्या फळीवर थाप मारली. "विहीर बाईंची! पुन्हा आडवा आलास तर आत टाकीन, समजलं?"

दीर ताडकन उठला. "जी सायेब!" म्हणत त्याने हात जोडले आणि किल्ली पुढे केली. कारकूनही उभा राहिला होता. का, ते त्याचं त्यालाच कळेना.

गोदाक्काने किल्ली कमरेला खोचली, खिडकीतून कपाळ आत घातलं आणि म्हणाली, "आता मारा शिक्का."