आपानं आणलेलं शहाळं
श्रीरामपुरातून माहेरी आलेल्या आपानं शहाळ्याचं पाणी ग्लासात ओतलं आणि अंथरुणावरच्या अब्बांच्या ओठांशी नेलं. सुरय्यानं नणंदेचा हात धरला. “न्हाई आपा, शहाळं बंद हाय.” “मागं तर डॉक्टरच म्हणले हुते, रोज पाजा. बापाला घोटभर पानी द्यायला आता सुनेला इचारू?” बोल लागला, पण सुरय्या डगमगली नाही. “तवाची गोळी अंगावरची सूज लघवीवाटं काढायची, तिच्यासंगं पोटॅशियमबी वाहून जायचं. ते शहाळ्यानं भरून निघायचं. आता डॉक्टरांनी गोळी बदललीय. ही पानी काढती, पन पोटॅशियम धरून ठिवती. वरनं शहाळं पाजलं, तर तेच रक्तात साचून काळीज थांबायचं.” आपाचा हात खाली आला, डोळे मात्र भरले. अब्बांनी तिच्याकडून ग्लास घेतला आणि सुनेपुढं धरला. “अर्धं तू पी, अर्धं हिला दे. भांडून घसे सुकले तुमचे.”