पडद्यामागच्या दोन पेट्या

नदीवरचा जुना पूल पाडून नवा बांधला, ते वर्ष. फळमंडळावर बागायतदारांचा प्रतिनिधी निवडायचा होता, आणि थोरली आपल्या धाकट्या जावेवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होती.

कारणही तसंच होतं. उमेदवार दोन. एक थोरलीचा नवरा, ज्याला सगळे दादा म्हणत. दुसरा रोपवाटिकेचा मालक, आणि तो निघाला धाकटीचा मावसभाऊ. या रोपवाल्याला मंडळाकडून एक लोखंडी कडं मंजूर करून घ्यायचं होतं. जे फळ कड्यातून खाली पडेल ते बारीक, ते शीतगृहात घ्यायचं नाही. मग लोक बारीक फळाची झाडं तोडणार आणि त्याच्याकडून मोठ्या जातीची रोपं नेणार.

दादांची नाशपाती बारीकच. सासऱ्यांनी स्वतः बांधलेलं कलम, साखरेसारखं गोड, पण मुठीत मावणारं. दादा हरले की बागेवर कुऱ्हाड पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सासऱ्यांनी बाग दोन मुलांत वाटून दिली होती. धाकटा दीर गेल्यापासून त्याचा वाटा धाकटी एकटी बघायची. झाडं तीच, फळ तेच. तरी ती रोपवाल्याच्या दारात दिसू लागली. एकदा तर येताना पोत्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आली.

"काय गं आणलंस?" थोरलीने बांधावरून विचारलं.

"मोठ्या जातीची रोपं, जाऊबाई. भावाने हातात दिली, नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणायला जीभ लागते फक्त."

धाकटी हसली. "ती देवाने तुम्हाला दिलीय. माझ्या वाट्याचीसुद्धा."

ते हसू थोरलीला मुळीच आवडलं नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "तुमची भावजय फितलीय."

दादा छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. "तिचं मत तिच्यापाशी," ते म्हणाले. "आणि तू माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकत फिरू नकोस. बरं दिसत नाही."

थोरलीने कपाळावर हात मारला. हा माणूस भुकेला असला तरी दुसऱ्यांदा वाढ म्हणायचा नाही. निवडणुकीला उभा राहिला तोही चारचौघांनी दंडाला धरून नेला म्हणून.

मतदानाची रीत जुनी. एका बागेचं एक मत, मालकाने द्यायचं. कागद नाही, शाई नाही. आपल्या बागेतलं एक फळ आणायचं, मंडळाच्या वजनकाट्याच्या खोलीत पडद्यामागे जायचं आणि दोन झाकलेल्या पेट्यांपैकी एकीत सोडायचं. निळ्या फडक्याची पेटी दादांची, पिवळ्या फडक्याची रोपवाल्याची. सगळं अगदी गुप्त. जन्मभर फळं हाताळणारी माणसं एकमेकांची फळं चेहऱ्यासारखी ओळखतात, एवढी साधी गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

पेट्या टेबलावर ओतल्या. फळं मोजली. दादा एका फळाने हरले.

लोक रोपवाल्याभोवती गोळा झाले. थोरली टेबलापाशीच थांबली. पिवळ्या पेटीच्या ढिगात एक बारीक नाशपाती होती, देठाशी तांबूस डाग असलेली. तो डाग सासऱ्यांच्या कलमाचा. दोन बागा सोडल्या तर कुठेच न दिसणारा. तिने निळ्या पेटीचा ढीग चाळला. तिथेही तशीच एक.

एक आपली. मग दुसरी कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तिने ती नाशपाती उचलली आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी धाकटीला गाठलं. दादा मागे उभे राहून बुटांचा चिखल खरवडत होते.

"हे काय आहे?"

"आपलं फळ," धाकटी म्हणाली.

"पिवळ्या पेटीत सापडलं."

"मी नाही टाकलं, जाऊबाई. शपथेवर सांगते."

"मग काय ते आपल्या पायांनी चालत गेलं?"

धाकटीने एकदा थोरलीच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"बोल ना! भावासाठी घर विकलंस, बोल."

"तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं," धाकटी म्हणाली, आणि पदराला हात पुसत निघून गेली.

"जाऊ दे आता," दादा म्हणाले. "माणसांत तमाशा नको."

पुढे कडं आलं. रोपवाल्याने त्याच्या जोरावर मोठं घर बांधलं, मुलाला परदेशी धाडलं, आणि एक दिवस जेवता जेवता गेला. दोन्ही बागांतली नाशपातीची झाडं जळणाला गेली. धाकटीने जमीन विकली आणि ती मुलीकडे राहायला गेली. निघताना ती दारात येऊन उभी होती. थोरलीने आतून कडी काढली नाही. धाकटीच्या शेवटच्या आजारात दोनदा निरोप आला. थोरली गेली नाही. फितुराचं तोंड काय बघायचं, म्हणाली.

थोरलीच्या मुलाने मोठ्या जातीची बाग लावली आणि ती चांगली चालवली. यंदा तोही मंडळासाठी उभा आहे. हल्ली कागदावर शिक्का मारतात. सकाळी तो निघाला तेव्हा थोरलीने दारातून बजावलं, "आधी स्वतःला मत दे, मग बाकीच्यांचं बघ!"

ओसरीवर दादा उन्हाला बसले होते. वय झाल्यापासून त्यांना काय बोलावं, काय बोलू नये याचं भान राहत नाही. ते खुदकन हसले.

"स्वतःच स्वतःला मत? काय निलाजरी झालीत गं माणसं! मी उभा होतो तेव्हा माझी नाशपाती मी सरळ पिवळ्या पेटीत टाकून आलो."